बघितलं की खात नाही

"मामा, झाकण उघडू नकोस. बघितलं की खात नाही ते."

भाचा हे इतक्या सहज म्हणाला की मी हात मागे घेतला आणि विषय तिथेच संपला. रात्रीचे साडेदहा झाले असतील. मुलुंडला बहिणीच्या घरी, त्याच्या खोलीत आम्ही दोघंच उभे होतो. बाहेर आषाढातला पाऊस एका लयीत कोसळत होता, खिडकीच्या पत्र्यावरून आवाज येत होता. माझ्या हातात हॉटेलवाले चटणी बांधून देतात ती प्लास्टिकची डबी होती. झाकणाला सुईने भोकं पाडलेली, तळाशी ओलसर टिश्यू पेपर. त्या टिश्यूच्या घडीत कॉर्न स्नेक जातीच्या सापाचं एक पिल्लू होतं, बोरूएवढं जाड, वेटोळं घातलं तर आठ आण्याच्या नाण्यावर मावेल इतकंच. त्याच्यासमोर उंदराचं नुकतं जन्मलेलं, गुलाबी, केस न फुटलेलं, मेलेलं पिल्लू ठेवलेलं होतं. मला फक्त बघायचं होतं की ते खातंय का. भाच्याने डबी माझ्या हातून काढून घेतली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली, कपाटाचं दार लावलं आणि खोलीतला दिवा घालवला. "चल, आता सकाळीच बघायचं."

परतीच्या लोकलमध्ये डबा जवळजवळ रिकामा होता. भांडुप गेलं, कांजूर गेलं, विक्रोळीला दोन-चार माणसं भिजून चढली आणि माझ्या डोक्यात ते वाक्य फिरत राहिलं. बघितलं की खात नाही. आमच्या घरात लहानपणापासून उलटा नियम होता. कुणीतरी समोर बसून बघत असल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवलं, असं मानलंच जात नसे.

हा भाचा सापांकडे वळला तो पावसाळ्यामुळे. मुलुंडच्या त्या बाजूला डोंगर, त्यामागे राष्ट्रीय उद्यान. दर पावसाळ्यात कुणाच्या तरी सोसायटीत धामण निघते, पाण्याच्या टाकीजवळ दिवड सापडतो. कॉलेजात असताना हा तिथल्या एका सर्पमित्राच्या मागे मोटारसायकलवर बसून जायचा. साप पकडायचा, वनखात्याला कळवायचं, नोंद करायची, जंगलात सोडायचा. नाग, धामण, दिवड, अजगर असे आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि ते तसंच असावं, यावर त्याचं माझ्याहून ठाम मत आहे. त्याच्याकडे आहेत ते कॉर्न स्नेक. मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप, पण ही जोडी पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या सापांच्या वंशातली. नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, त्यांना काळ्या कडा, आणि पोटाकडून काळ्या-पांढऱ्या चौकटी. बहिणीने सुरुवातीला महिनाभर त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मला आजही पूर्ण पटलेलं नाही. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर, प्लास्टिकच्या टबात, ज्याने आयुष्यात शेत पाहिलं नाही असा साप वाढवावा का, हा प्रश्न मी त्याला विचारलाय. तो म्हणाला, "रानातल्याला माझी गरज नाही मामा. याला आहे." हे उत्तर पुरेसं नाही, पण खोटंही नाही. आणि ज्या काळजीने तो ते सगळं करतो ती पाहिली की माझा विरोध मवाळ होतो, हे खरं.

यंदा मादीने चौदा अंडी घातली. पांढरी, लांबट, चामड्याच्या पिशवीगत मऊ, एकमेकांना चिकटलेली. कोंबडीची अंडी माहीत असलेल्या माणसाला पहिली शिकायची गोष्ट म्हणजे ही अंडी फिरवायची नाहीत. कोंबडी अंडी उलटी-सुलटी करत राहते. सापाच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला कवचाला धरून वाढतो, नंतर अंडं उलटलं तर तो गुदमरून मरू शकतो. म्हणून भाच्याने प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने बारीक खूण केली होती. ओलसर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं हलकं दाणेदार खनिज, भरलेल्या डब्यात ती ठेवली आणि डबा अठ्ठावीस अंशांच्या आसपास राखला. मुंबईच्या मे-जूनमध्ये ऊब आणि दमटपणा मागायला लागत नाही; त्याला काळजी होती ती फार तापण्याची. पंखा, खिडकी, डब्याची जागा, सगळं त्यानुसार हलत होतं. दोन अंड्यांना पहिल्याच आठवड्यात बुरशी आली, ती गेली. उरलेली बारा सुमारे दोन महिन्यांनी फुटली.

'फुटली' हे खरं तर बरोबर नाही. ती चिरली. पिल्लाच्या वरच्या ओठाशी एक क्षणभंगुर दात असतो, तेवढ्याच कामापुरता, नंतर गळून जाणारा. त्याने आतून कवचाला चिरा पडतात, आणि त्या चिरेतून एक नाकपुडी बाहेर येते. मग पिल्लू तिथेच थांबतं. दिवसभर थांबतं, कधी त्याहून जास्त. डोकं बाहेर, धड आत, आपण जवळ गेलो की पुन्हा आत. आतला उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं. बहिणीने मला त्या दिवशी फोन केला होता, आवाज दबलेला. "दादा, ते बाहेर बघतंय, पण येत नाहीये. आपण जरा कवच सोलायचं का?" भाचा मागून ओरडल्याचं मला ऐकू आलं. सोलायचं नसतंच. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी ते येतं.

तो बलक पोटात असतो म्हणून पिल्लांना लगेच भूक नसते. आठ-दहा दिवसांनी ती पहिल्यांदा कात टाकतात. सोललेल्या पारदर्शक कातीची एक बारीक सुरळी डब्यात पडलेली दिसली की समजायचं, आता विचारायला हरकत नाही. भाचा हाच शब्द वापरतो, विचारणं. "आज अकरा नंबरला विचारलं." नावं त्याने ठेवलेली नाहीत, डब्यांवर आकडे आहेत. विचारायचं ते उंदराचं गुलाबी पिल्लू पुढे ठेवून. हे छंदी लोक त्याला पिंकी म्हणतात. वजन दीड ग्रॅमच्या आसपास. विचारलं जातं त्या सापाच्या पिल्लाचंच वजन सहा-सात ग्रॅम. पिंकी गोठवलेल्या मिळतात. ठाण्याकडचा एक मुलगा त्या घरी वाढवतो आणि बर्फाच्या पिशवीत देतो. बहिणीने अट घातली की तिच्या फ्रिजला हे लागणार नाही, तेव्हा भाच्याने पहिल्या पगारातून छोटा फ्रिज घेतला. पिंकी आधी थंड पाण्यात, मग कोमट पाण्यात ठेवून वितळवायची, पुसायची, अंगाइतकी ऊब आणायची. तेव्हा एक वास येतो. ओल्या भुशाचा, दुधाचा, थोडा आंबूस. तो वास मला ओळखीचा होता.

लालबागला आमच्या चाळीत, जिन्याखाली लाकडं आणि गोण्या ठेवायची जागा होती. तिथे एकदा गोणी हलवली आणि चिंध्यांच्या घरट्यात अशीच गुलाबी पिल्लं निघाली. डोळे मिटलेले, कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसत होतं. शेजारच्या काकांनी ती कागदात गुंडाळून गटारात टाकली, आणि आम्हा मुलांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उंदीर हा शत्रू, हे आम्हाला आमच्या आधीच्या पिढ्यांनी शिकवलं होतं आणि त्यांच्याकडे कारण होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तो मांडवीच्या गोदामांतून, वखारींतून. शहर अर्धं ओस पडलं होतं. त्याच प्लेगच्या लशीसाठी डॉ. हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेने आम्हाला तिथे नेलं होतं तेव्हा आम्ही साप बघितले, आणि घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष कसं करतात तेही ऐकलं. उंदरांच्या भीतीने उभी राहिलेली जागा पुढे सापाच्या दंशावर औषध देऊ लागली. रात्री आमच्या गल्लीतून महापालिकेचे मूषक संहारक विजेरी आणि काठी घेऊन जायचे. एक सपकन आवाज यायचा आणि आजी झोपेतच म्हणायची, "मारला वाटतं." त्या शहरात आज माझा भाचा एका मेलेल्या, गोठवलेल्या, दीड ग्रॅमच्या उंदराला दोन्ही हातांच्या ओंजळीत ऊब देत बसतो. मला त्या पिंकीचंही वाईट वाटतं. ते वाईट वाटणं सापाच्या बाजूने किंवा उंदराच्या बाजूने असं मला वेगळं करता येत नाही, आणि करावं असंही वाटत नाही.

बारांपैकी बरीच पिल्लं सरळ जेवली. चिमट्याने पिंकी पुढे नेली की जीभ दोन-तीनदा लपलपते. अजगराच्या जातीतल्यांना ओठांवर उष्णता कळणारे खड्डे असतात, यांना नाहीत. यांचा भर जिभेवर. हवेतला वास जिभेच्या दुभंगलेल्या टोकांवर गोळा करून टाळूतल्या इंद्रियाकडे न्यायचा आणि ठरवायचं. मग झडप. झडप मात्र अस्सल. मेलेल्या, न हलणाऱ्या पिंकीलाही ते तान्हं दोन वेढे घालून आवळून धरतं, कुणी शिकवलेलं नसताना. आणि मग गिळणं. जबड्याची डावी बाजू पुढे, उजवी पुढे, डावी पुढे. आतल्या बाजूला वळलेले दात एकदा रुतले की माल आतच सरकतो. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत, गळ्याखाली एक फुगवटा, तो हळूहळू मध्यावर येतो. मग दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर उलटून टाकतं. भाच्याच्या वहीत त्या आकड्यापुढे बरोबरची खूण.

सात नंबरच्या पुढे खूण होईना.

सात नंबर पिंकी बघून मागे सरकायचा. शेपटी थरथरवायचा, मान इंग्रजी एससारखी करून टिश्यूवर डोकं आपटायचा. भ्यालेला होता. भाच्याने एकेक गोष्ट बदलून पाहिली, आणि तो क्रम मला फार आवडला, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट पिल्लाला काही करण्याऐवजी त्याच्या भोवतालचं काहीतरी बदलणारी होती. आधी ऊब तपासली, कारण अंग गार असलं की पचणार नाही हे सापाला कळतं आणि तो खातच नाही. मग टब मोठा वाटत असेल म्हणून त्याला त्या चटणीच्या डबीत ठेवलं. रानात पिल्लू पालापाचोळ्याच्या फटीत असतं, चहूबाजूंनी काहीतरी अंगाला लागलेलं असतं. उघड्यावर त्याला जेवण सुचत नाही. मग रात्रीची वेळ. मग पूर्ण अंधार. मग पिंकी बिनवासाच्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, म्हणजे पिंजऱ्यातल्या उंदराचा उग्र वास जाईल. मग तिच्या माथ्यावर सुईने एक छोटी चीर, आतला द्रव नाकाला लागावा म्हणून. हे करताना भाचा तोंड वळवून बसला होता, मीही. प्रत्येक वेळेनंतर मध्ये चार-पाच दिवसांची सुट्टी. रोज विचारायचं नाही. रोज विचारलं की जेवण म्हणजेच भीती, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

हे ऐकताना मला आमची जेवणं आठवत होती. कोकणस्थ असो, देशस्थ असो, आगरी असो, आपल्याकडे आग्रह हा पदार्थांपैकीच एक. पंगतीत वाढणारा ताटाशी वाकून उभा राहतो, "एवढी एक जिलबी माझ्या नावाची", आणि ताटावर आडवा हात धरणाऱ्याचा हात बाजूला करून वाढतो. नको म्हणणं हे खरं नको नसतं, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. मला या प्रथेचा राग नाही. आई गेली त्यानंतर पहिल्या दिवाळीत फराळाचं ताट कुणी जबरदस्तीने पुढे केलं नाही तेव्हा घर किती रिकामं झालंय ते मला समजलं. पण तीच आई स्वतः मात्र कधी कुणाच्या समोर जेवली नाही. सगळ्यांची पानं उचलली, ओटा पुसला की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, भिंतीकडे तोंड करून, पातेल्यातच भात कालवून चार घास खायची. मी पाणी प्यायला आत गेलो की हात थांबवायची. मी लहान असताना मला वाटे, हिला उरलंसुरलं खाताना आपण पाहिलेलं नको आहे. आता वाटतं तेही असेल, आणि दिवसभरात कुणाच्याही नजरेखाली नसलेली ती तेवढीच पंधरा मिनिटं होती, हेही असेल.

आणि भाच्याचं उष्टावण. मामा म्हणून पहिला घास भरवायचा मान माझा. बहिणीच्या सासरी मोठा कार्यक्रम, चांदीची वाटी, खिरीत केशर, पाट, रांगोळी, पंधरा-वीस बायका भोवती. "हं, भरव, भरव", टाळ्या, "आ कर रे राजा". मी चमचा ओठाला लावला आणि त्याने खीर थुंकून टाकली, पाठ ताठ केली, आणि रडायला लागला तो थांबेचना. फोटोत ते सगळं आहे. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्याला चटईवर सोडलं होतं. बहीण माझं ताट वाढत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या ताटातून वरणभाताचं एक शीत खाली सांडलं होतं, ते त्याने दोन बोटांनी बराच वेळ प्रयत्न करून उचललं आणि तोंडात टाकलं. मी बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही. मग त्याने दुसरं शीत शोधलं.

श्रावणात गारुडी यायचे. टोपल्या घेऊन चाळीच्या चौकात बसायचे, बायका हळदकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन उतरायच्या. नाग फणा काढून दुधात तोंड घालायचा आणि सगळ्यांचे हात जोडले जायचे. माझी आजी डोळे पुसायची, तिचं त्या वेळचं ते मन खोटं नव्हतं. खूप नंतर कळलं की सापाचं अन्न दूध नव्हे, ते त्याला पचत नाही. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला प्राणी समोर येईल ते पितो. दात काढलेले, तोंड चिघळलेलं, त्यातले पुष्कळ पुढे थोड्याच दिवसांत मरायचे. कायदा आला, जनजागृती झाली, आता मुंबईत ते दृश्य क्वचितच दिसतं, आणि ते संपलं याचा मला मनापासून आनंद आहे. तरी आजीचे जोडलेले हात माझ्या मनातून जात नाहीत. तिला खरंच त्याला भरवायचं होतं. त्याला काय हवंय, हे विचारायची रीतच तिच्या हाती कुणी दिली नव्हती.

सात नंबर बारीक दिसू लागला तेव्हा शेवटचा उपाय बोलण्यात आला.

तो असा असतो. पिल्लाचं डोकं दोन बोटांत हलकेच धरायचं, पिंकीचं नाक त्याच्या ओठांच्या फटीत सरकवून तोंड उघडायचं, मागच्या दातांपर्यंत ते नेऊन जबडा हलकेच दाबून धरायचा आणि मग पिल्लाला खाली ठेवून स्तब्ध व्हायचं. नशीब असेल तर तोंडात आलंच आहे म्हणून ते गिळायला लागतं. नसेल तर थुंकतं, आणि आधीपेक्षा जास्त भितं. भाच्याने मला हे करून दाखवलं, हवेतच, रिकाम्या बोटांनी. मी त्या बोटांकडे बघत राहिलो आणि मला बाबा आठवले. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना गिळता येत नव्हतं. नाकातून नळी घातली. दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजने पातळ पेज, डाळीचं पाणी, डब्यातली पावडर कालवलेलं दूध. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, हाताला जोर होता. चांगल्या हाताने ते नळी उपटायचे. मग तो हात बँडेजने पलंगाच्या दांडीला बांधायचा. बांधताना ते माझ्याकडे बघायचे. बहीण सिरिंज धरायची, मी हात धरायचो. त्या नळीने आम्हाला त्यांचे आणखी काही महिने दिले, त्यात एकदा ते नातवाकडे बघून स्वच्छ हसले. नळी नको होती असं मी आज म्हणणार नाही. पण त्या दोन तासांच्या ठोक्याला माझ्या पोटात जो गोळा यायचा, तो अजून येतो.

मी भाच्याला म्हणालो, "बळजबरी नको करूस रे." माझा आवाज नीट नसावा. त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या आजारपणात तो सातवी-आठवीत होता, दाराशी उभा राहून त्याने बांधलेला हात पाहिलेला आहे. तो म्हणाला, "आजोबांचं वेगळं होतं मामा. त्यांना गिळताच येत नव्हतं. याला येतंय. याला अजून कळलं नाहीये की समोर आहे ते जेवण आहे." मग सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर त्याने सात नंबरला ठेवलं. वजन थोडं उतरलं होतं, पण फार नाही. कणा वर आलेला नव्हता, डोळे स्वच्छ होते, हातात धरल्यावर अंगात जोर होता. "अजून वाट बघू शकतो. ज्या दिवशी नाही बघता येणार त्या दिवशी मी करीन, आणि तू तेव्हा इथे नसलास तरी चालेल." तेवीस वर्षांचा मुलगा. थांबणं आणि सोडून देणं यांत त्याला गोंधळ नव्हता. काट्यावरचा आकडा तो वहीत लिहीत होता आणि किती उतरलं म्हणजे हात घालायचा, ती रेघही त्याने वहीत आधीच ओढून ठेवलेली होती.

उपाय मिळाला तो बहिणीच्या स्वयंपाकघरात. रानातल्या कॉर्न स्नेकची पिल्लं सुरुवातीला उंदीर फारसे खात नाहीत. सरडे, छोटे झाडबेडूक हे त्यांचं पहिलं अन्न. म्हणून पिंकीला सरड्याच्या कुळातला वास चोळून द्यायचा, हे या लोकांत जुनं तंत्र. परदेशात त्यासाठी तयार अर्क मिळतात. आमच्याकडे ट्यूबलाइटमागे पाल होती. झुरळाच्या मागे धावताना ती कपाटाच्या दारात सापडली, शेपूट टाकून पळाली, आणि ते तुटलेलं शेपूट ओट्यावर वळवळत राहिलं. जी बहीण पाल चुकचुकली तरी "कृष्ण, कृष्ण" म्हणते, तिने ते झाडूने केरात लोटायच्या ऐवजी वाटी उपडी घातली आणि मुलाला हाक मारली. बाहेरच्या पालीतून जंतांची भीती असते म्हणून ते शेपूट त्याने काही आठवडे गोठवून ठेवलं होतं. हे सगळं सात नंबर अंड्यात असतानाचं, पुढे लागेल म्हणून केलेलं. त्या रात्री, ज्या रात्रीपासून मी हे लिहायला घेतलं, पिंकीवर चोळलं होतं ते हेच. म्हणूनच त्याला झाकण उघडायला नको होतं.

सकाळी सहाला त्याचा मेसेज आला. फोटोत रिकामा टिश्यू, एका कोपऱ्यात सात नंबर, अंगाच्या मध्यावर फुगवटा. खाली बहिणीचा वेगळा मेसेज, तिच्या नेहमीच्या सवयीने सगळं एकाच दमात, खाल्लं रे दादा रात्री सगळं खाल्लं मी चारला उठून बघणार होते पण याने बघू दिलं नाही.

त्यानंतर त्याने पुन्हा शेपटाच्या वासाची पिंकी खाल्ली, मग कमी वासाची. साधी पिंकी त्याने आतापर्यंत एकदाच घेतली आहे. स्वतःहून, बिनवासाची, लागोपाठ काही जेवणं झाल्याशिवाय भाचा पिल्लू कुणालाही देत नाही. बाकीच्या अकरा पिल्लांपैकी बरीचशी ठरलेल्या घरी गेली. सात नंबरला घ्यायला डोंबिवलीचा एक कॉलेजातला मुलगा तयार आहे, पण त्याला थांबायला सांगितलंय. तो दोनदा येऊन नुसता बघून गेला. बहीण त्याला चहा देते आणि घरी आई-वडिलांना विचारलंस का, खोली कुठल्या बाजूला आहे, दुपारी ऊन येतं का, असे प्रश्न विचारते. स्थळ बघायला आलेल्यांना तिने इतके प्रश्न विचारले नव्हते.

येत्या गुरुवारी सात नंबरच्या जेवणाचा दिवस आहे आणि भाचा कंपनीच्या कामाने पुण्याला असेल. काम माझ्याकडे आलंय. पिंकी आधी थंड पाण्यात, मग कोमट, पुसून कोरडी, डबी कपाटात खालच्या कप्प्यात, दिवा बंद, सकाळपर्यंत नाही. हे त्याने मला तोंडी सांगितलं, मग लिहूनही पाठवलं, शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारून. बहिणीचं म्हणणं, आलाच आहेस तर जेवूनच जा. श्रावण आहे, कांदा-लसूण नसेल, पण अळूची भाजी आणि पुरण करीन. ती समोर बसेल, आणि दुसरी पोळी संपायच्या आत तिसरी वाढेल. मी दुपारीच कमी खाऊन निघणार आहे.